न गाणाऱ्या पाखराचा भाव

नॉरिचच्या शेरीफ कचेरीला जप्तीसाठी पंच हवे असले की अँब्रोज थर्केटलला बोलावणं जायचं, आणि बोलावणं आलं की त्याची बायको थॉमसीन आधी घरात रिकामी जागा किती उरली आहे ते बघायची.

त्याला कारण होतं. कचेरीत कोणी दावा जिंकला आणि हरणाऱ्याकडे रोख नसली, तर बेलिफ त्याच्या घरातलं सामान उचलायचा. शपथ घेतलेले दोन पंच एकेका वस्तूचा भाव लावायचे आणि त्या भावाने ती वस्तू वादीच्या पदरात पडायची. भाव पडला तर हरणारा बुडायचा, भाव फुगला तर वादी. पंच शेवटी शेजारपाजारचेच. त्यांना हरणाऱ्याची दया येणार, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक पाचर मारून ठेवली होती. वादीने भर कचेरीत 'हा भाव मला मान्य नाही' म्हटलं, की ती वस्तू पंचांनी स्वतःच त्या भावाने विकत घ्यायची. रोख पैसे मोजून, तिथल्या तिथे.

शहाणे पंच म्हणूनच निम्मा भाव लावायचे आणि रात्री सुखाने झोपायचे. अँब्रोज शहाणा नव्हता. तो जुन्या कपड्यांचा व्यापारी होता आणि त्याला एक खोड होती. वस्तू हातात आली की ती कुठून आली, कोणी वापरली, कशी झिजली हे कळल्याशिवाय त्याला ती खाली ठेववत नसे. दुकानात कोट आला की तो आधी बाही उलटी करायचा. डावं कोपर जास्त झिजलंय, म्हणजे हा माणूस डावा हात टेकून उजव्या हाताने लिहीत होता. खिशात गव्हाचा कोंडा आहे, म्हणजे कारकून खरा, पण कोंबड्या पाळणारा. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहायचं आणि हा त्याला कोटाच्या आधीच्या मालकाची जन्मकथा सांगत बसायचा. एकदा का एखाद्या वस्तूची कथा कळली, की ती त्याला आवडू लागे. आवडली की भाव चढे.

पंधरा वर्षांच्या पंचकीत असा भाव त्याच्या अंगाशी तीनदा आला होता. घरात एक तारा नसलेलं वाद्य होतं, त्याच्या पोटात थॉमसीन कांदे ठेवायची. तीन कुलपांची एक पेटी होती, तिची एकही किल्ली नव्हती. आणि बिअर गाळायचं एक पिंप होतं. ते इतकं मोठं, की दारातून आत आणताना चौकट काढावी लागली होती.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं," थॉमसीन म्हणायची. "फक्त आपल्याकडे व्याही म्हणजे शेरीफसाहेब."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बोलावणं आलं ते लिस्केन व्हर्बेके या बाईच्या घरच्या जप्तीचं.

लिस्केन परकी. म्हणजे तिचे आई-वडील समुद्रापलीकडून, फ्लँडर्सहून येऊन इथे स्थायिक झाले होते. ती स्वतः इथेच जन्मली, पण नॉरिचमध्ये त्या लोकांच्या तिसऱ्या पिढीलाही परकेच म्हणत. नवरा विणकर होता, तो गेल्या हिवाळ्यात वारला. ही लोकर कातून पोट भरायची. एडमंड स्कॉटो नावाच्या रंगाऱ्याने तिला रंगवलेली लोकर कातायला दिली होती. सूत परत आलं ते डागाळलेलं. स्कॉटो म्हणाला, बाईने ओल्या जागी ठेवून माल नासवला. बाई म्हणाली, रंगच कच्चा होता, बोट लावलं तरी सुटत होता.

कोण खरं, याचा निवाडा झालाच नाही. कचेरीत तिच्या नावाचा तीनदा पुकारा झाला आणि तिन्ही वेळा ती आली नाही. त्या लोकांची जुनी सवय अशी की भांडण झालं की आधी आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांसमोर मांडायचं. ते दोन्ही बाजू ऐकतात, खांद्यावर हात ठेवतात, तोडगा काढतात. लिस्केनने वडीलधाऱ्यांच्या कानावर घातलं आणि निर्धास्त झाली. प्रकरण त्यांच्यापुढे आहे म्हटल्यावर शहराची कचेरी थांबणारच, असं तिला वाटलं. कचेरी कोणासाठी थांबते? तिसऱ्या पुकाऱ्यानंतर हुकूमनामा झाला. नुकसानभरपाई बावीस शिलिंग. सामानातून भरली तर ठीक, कमी पडली तर बाई तुरुंगात.

अँब्रोज आणि दुसरा पंच, बेकर निकोलस उटिंग, बेलिफ रिक्सच्या मागून तिच्या खोलीत शिरले. स्कॉटो आधीच खिडकीपाशी उभा होता. त्याच्या हातांना कोपरापर्यंत निळा रंग चढलेला होता. तो आयुष्यात जाणार नव्हता.

टेबल, पितळी पातेलं, दोन चादरी, पिसांची उशी. उटिंग भराभर भाव सांगत होता, अँब्रोज मान डोलवत होता, रिक्स लिहीत होता. चरखा सोडला, कारण पोटाच्या साधनाला हात लावायचा नसतो. सगळं मिळून तेरा शिलिंग झाले.

"नऊ कमी पडतात," रिक्स म्हणाला. त्याला त्यात आनंद नव्हता. बाईमाणसाला तुरुंगात नेलं की त्याची बायको आठवडाभर त्याच्याशी बोलत नसे. "आणखी काही आहे का हो बाई?"

लिस्केनने खिडकीकडे बघितलं. तिथे वेताचा पिंजरा टांगलेला होता. आत एक हिरवट पिवळा कॅनरी पक्षी दांडीवर अंग फुगवून बसला होता.

"चार पेनी," उटिंग म्हणाला, म्हणजे शिलिंगाचा तिसरा हिस्सा. "त्यातले तीन पिंजऱ्याचे."

"तो गातो," लिस्केन म्हणाली. "माझ्या नवऱ्याने या पाखराच्या बापाला गायला शिकवलं होतं. याला बारा शिलिंग द्यायला आले होते लोक."

"मग गाऊ दे की," स्कॉटो म्हणाला.

सगळे थांबले. पक्ष्याने एकदा पाय बदलला.

"वा! काय तान घेतली," स्कॉटो म्हणाला. उटिंगला हसू आवरेना.

लिस्केनचा चेहरा उतरला. "तीन आठवडे झाले, गप्प आहे. का ते मला माहीत नाही. पाखरांचं सगळं तेच बघायचे. मी आपली दाणे घालते."

अँब्रोज पिंजऱ्याजवळ गेला. त्याने मान तिरकी करून तळाशी पाहिलं, मग दोन बोटं आत घालून काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं.

"झालं," उटिंग पुटपुटला. "आता हा पाखराची जन्मकथा काढणार."

"रिक्स," अँब्रोज म्हणाला, "भाव द्यायला मुदत किती?"

"शनिवारची कचेरी. तीन दिवस."

"मग याचा भाव शनिवारी देतो."

"पण तोवर हा माझ्या ताब्यात राहायला हवा, आणि माझ्या घरी मांजर आहे," रिक्स म्हणाला. त्याने जरा विचार केला. "तूच ने. मेला तर चार पेनी भर."

थॉमसीन चुलीवर हेरिंग मासे परतत होती. पिंजरा बघून तिने कालथा खाली ठेवला.

"विकत घेतलात?"

"नाही ग. अजून नाही."

"अजून!"

अँब्रोजने टेबलावर चार पिसं मांडली. पिसं त्याच्या धंद्यातलीच. जुन्या टोप्यांचे तुरे त्याने शेकड्यांनी हाताळले होते. उपटलेल्या पिसाचा दांडा टोकाशी काळपट आणि ओला असतो, सुकल्यावरही तिथे डाग राहतो. ही पिसं टोकापर्यंत पांढरी आणि कोरडी होती. पिकलेलं पान देठातून सुटावं तशी सुटलेली.

"आजारी पाखराची नाहीत ही," तो म्हणाला. "आपण होऊन गळलीत. बाजारात कोंबड्या विकणाऱ्या म्हातारीला विचारून आलो. ती म्हणाली, पिसं झडायच्या दिवसांत कोंबडी अंडी देत नाही, नुसती कोपऱ्यात बसते. मग हासुद्धा..."

"कपडे बदलतोय म्हणा की," थॉमसीन म्हणाली. "कपडे बदलताना कोण गातं?"

अँब्रोज तिच्याकडे बघतच राहिला. मग मोठ्याने हसला. पंधरा वर्षं तो कपड्यांत बुडालेला होता आणि एवढं साधं तिला आधी सुचलं होतं.

पण दुसरा प्रश्न मोठा होता. कॅनरीतला नर गातो, मादी गात नाही. ही मादी असली तर पिसं नवी आली काय आणि जुनी राहिली काय, भाव चार पेनीच. अँब्रोजने पक्षी चारही बाजूंनी न्याहाळला. काही कळलं नाही. लिस्केन खोटं बोलत असेल? तुरुंग समोर दिसत असताना कोण बोलणार नाही? हे त्याने मनाशी कबूल केलं आणि मग त्याला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी तो पिंजरा घेऊन नदीपलीकडे योस नावाच्या म्हाताऱ्याकडे गेला. योसच्या माळ्यावर चाळीसेक कॅनरी होते. त्याच्या दाढीतसुद्धा दाण्याची साल अडकलेली असे.

"व्हर्बेकेचं पाखरू?" योसने ओळखलं. "त्याची पाखरं चांगली असायची. पण हे नर की मादी, ते मी कसं सांगू? वसंतात आणलं असतंत तर पोटावर फुंकर मारून सांगितलं असतं. आता या दिवसांत देवालाही सांगता येणार नाही."

"काहीच उपाय नाही?"

योसने दाढी खाजवली. "एक आहे. पण त्यासाठी बराच वेळ बसून राहावं लागतं."

त्याने माळ्यावर एकच पक्षी या दिवसांतही गाणारा ठेवला होता. त्याला उबेत आणि अंधारात ठेवून त्याने त्याची पिसं आधीच झडवून घेतली होती. तो पिंजरा योसने लिस्केनच्या पक्ष्याशेजारी टांगला आणि वरचं कापड काढलं. गाणारा गाऊ लागला.

"गाण्याकडे लक्ष देऊ नका," योस म्हणाला. "तुमच्याचा गळा बघा. मादी असेल तर दाणे टिपेल, इकडेतिकडे बघेल. नर असेल तर त्याला राहवणार नाही. आवाज निघणार नाही, पण गळा हलेल."

अँब्रोज उपड्या बादलीवर बसला. एक तास गेला. पक्ष्याने दाणे टिपले. इकडेतिकडे बघितलं. योस खाली जाऊन भाकरी आणि चीज खाऊन परत आला. गाणाऱ्याने दम घेतला आणि पुन्हा लांबलचक शीळ सोडली.

लिस्केनच्या पक्ष्याने मान ताणली. चोच जेमतेम उघडली. हनुवटीखालची पिसं उभी राहिली आणि त्यांच्यामागे गळा थरथरू लागला, मडक्यात पाणी उकळायला लागावं तसा. आवाज काहीच नाही. शीळ थांबली तसा गळाही थांबला.

"पाहिलंत?" योस कुजबुजला.

आयुष्यात त्याने हजारो वस्तूंच्या आत काय दडलंय याचे अंदाज बांधले होते. आतली वस्तू अशी हलताना त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

"असल्या दिवसांत असा नर कितीला जातो?" त्याने शेवटी विचारलं.

"दहा शिलिंग. गायला लागल्यावर पंधरा. पण मी घेणार नाही हं, माझ्याकडे जागा नाही."

दहा म्हणजे लिस्केन सुटली, वर एक शिलिंग तिच्या हातात. पण भावावर दोन्ही पंचांचं एकमत हवं. अँब्रोज तसाच उटिंगच्या बेकरीत गेला. उटिंग कणकेत कोपरापर्यंत बुडालेला होता.

"गळा हलला म्हणून दहा शिलिंग?" तो ओरडला. "अरे, माझ्या सासूचा गळा दिवसभर हलतो, तिला कोणी दोन पेनी देत नाही!"

"मी डोळ्यांनी पाहिलं, निकोलस."

"तू पाहिलंस, पण स्कॉटोने नाही पाहिलं. तो उभा राहून 'मान्य नाही' म्हणणार. मग पाच शिलिंग माझ्या खिशातून जाणार. का? तर त्या पाखराच्या मनात गाणं आहे!"

"तुझे पाच मी भरतो."

उटिंगचे हात कणकेत थांबले. "तुला त्या बाईचा पुळका आलाय का रे?"

अँब्रोजने खरंच विचार केला. "तिचं वाईट वाटतं. पण ही मादी निघाली असती तर मी चार पेनीच लावले असते, आणि तिला तुरुंगात जाताना बघितलं असतं. खऱ्या भावाची शपथ घेतलीय आपण. खरा भाव दहा आहे."

"शपथ सगळेच घेतात. शपथेवर खर्च करणारा तू पहिलाच." उटिंगने कणकेचा गोळा आपटला. "बरं. सगळे दहा तू भरणार असशील तर माझी हरकत नाही. थॉमसीनला मात्र माझं नाव सांगू नकोस."

थॉमसीनला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. घरात मोजून अकरा शिलिंग होते. सप्टेंबरच्या जत्रेत त्यांतून हिवाळ्याचा माल भरायचा होता. अँब्रोजने पिसांपासून गळ्यापर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि कांदे सोलत होती.

"स्कॉटोने नाही म्हटलं तर आपला हिवाळा कसा जाणार?"

"गायला लागला की पंधराला विकू."

"आणि मेला तर?"

थॉमसीनने हातातला कांदा खाली ठेवला. मग उठून पिंजऱ्याजवळ गेली. पक्षी तिच्याकडे एका डोळ्याने बघत होता.

"आजवर तुम्ही आणलेल्या वस्तूंमध्ये ही एक तरी जिवंत आहे," ती म्हणाली आणि पिठाच्या डब्यात हात घालून पैशांची पुरचुंडी बाहेर काढली.

शनिवारी कचेरीत गर्दी होती. थर्केटल पाखराचा भाव लावणार, ही बातमी बाजारात पसरली होती. लिस्केन भिंतीला लागून उभी होती. सोबत तिच्या चर्चचे दोन म्हातारे होते. यावेळी तेही आले होते, फक्त तीन पुकारे उशिरा. रिक्स तिच्याशेजारी उभा राहिला होता आणि तिच्याकडे बघणं टाळत होता.

कारकुनाने यादी वाचली. टेबल, पातेलं, चादरी, उशी. तेरा शिलिंग. "एक पक्षी, पिंजऱ्यासह. पंचांचा भाव?"

"दहा शिलिंग," अँब्रोज म्हणाला.

हशा पिकला. उटिंगने छताकडे बघत "तेच, तेच" म्हटलं.

"हे पंच आहेत की त्या बाईचे मामा?" स्कॉटो उसळला. "नऊ कमी होते, यांनी बरोबर दहा काढले! मुकं पाखरू आहे ते!"

"वादीला भाव मान्य आहे की नाही, तेवढंच सांगा," कारकून म्हणाला. "मान्य नसेल तर पंच पैसे भरतील आणि पक्षी नेतील."

इथे नेहमी एक तमाशा होत असे. पंच गयावया करायचे, 'चुकलं, दोन कमी करा' म्हणायचे, वादीला बाजूला घ्यायचे. लोक तेच बघायला आले होते. पण अँब्रोजने पुरचुंडी सोडली, दहा शिलिंग कारकुनाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि पिंजऱ्याच्या कडीत बोट अडकवलं. त्याच्या मनात काही डाव नव्हता. 'मान्य नाही' हेच उत्तर येणार, असं तो धरून चालला होता. शिवाय दाण्याची वेळ झाली होती.

स्कॉटोचं तोंड उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं. त्याने शिलिंगांच्या ओळीकडे बघितलं. मग त्या कडीतल्या बोटाकडे. वीस वर्षांच्या धंद्यात तो एक गोष्ट शिकला होता. समोरचा माणूस घासाघीस न करता पैसे काढतो, तेव्हा माल स्वस्त असतो.

"थांबा," तो म्हणाला. "तुम्हाला हा पक्षी हवाय?"

"हो," अँब्रोज प्रामाणिकपणे म्हणाला.

"का?"

"पुढे काय होतं ते बघायचंय."

स्कॉटोचे डोळे बारीक झाले. "अस्सं. मला चार पेनीचं सांगून घरी घेऊन गेलात, तीन दिवस ठेवलंत, आणि आता पुढे काय होतं ते तुम्ही बघणार?" तो कारकुनाकडे वळला. "भाव मान्य आहे. पक्षी मी घेतो."

कारकुनाने लिहिलं. "हुकूमनामा फिटला. एक शिलिंग बाईला परत." रिक्स लिस्केनच्या वाटेतून बाजूला झाला. आता तिच्यापुढे फक्त उघडं दार होतं. ती दाराकडे न जाता अँब्रोजकडे आली, काहीतरी बोलली, पण बोलली स्वतःच्या भाषेत, आणि मग तोंडावर हात धरून रडू लागली. चर्चच्या म्हाताऱ्यांनी तिला बाहेर नेलं.

अँब्रोजचे दहाही शिलिंग टेबलावर जसेच्या तसे होते. उटिंगने ते गोळा करून त्याच्या मुठीत कोंबले. "अरे गाढवा, वाचलास! तोंड असं काय केलंस?"

अँब्रोज स्कॉटोच्या निळ्या हातात डोलत चाललेल्या पिंजऱ्याकडे बघत होता. "आता मला कसं कळणार, निकोलस?"

सप्टेंबरभर स्कॉटो त्याला शिव्या घालत फिरला. पक्षी गात नव्हता. एकदा तो दुकानात येऊन म्हणाला, पैसे परत करा. पण एकदा मान्य केलेला भाव फिरत नसतो, हे त्यालाही ठाऊक होतं. "उबेत ठेवा आणि कोबीची पानं घाला," अँब्रोज म्हणाला. स्कॉटो पाय आपटत गेला. थॉमसीनने जत्रेत माल भरला. लिस्केनला योसच्या भाचीकडे कातायचं काम लागलं.

ऑक्टोबरच्या मध्यात उटिंग धापा टाकत आला. "चल! रंगाऱ्यांच्या गल्लीत चल!"

स्कॉटोच्या खिडकीखाली पाचसहा माणसं उभी होती. वरून शीळ येत होती, आधी बारीक, मग फिरत फिरत खाली उतरणारी, पुन्हा वर चढणारी. स्कॉटो दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "पहिल्या दिवशीच ओळखलं मी. पंच चार पेनी म्हणत होते हो! काल एकाने सोळा शिलिंग देऊ केले, दिला नाही."

"ऐकलंस?" उटिंग दात-ओठ खात म्हणाला. "सांग त्याला सगळ्यांसमोर."

अँब्रोजने ऐकलं नव्हतं. तो माणसांमधून वाट काढत दारापाशी गेला. "स्कॉटोशेट, एकदा वर येऊ का? गाताना त्याचा गळा कसा हलतो, तेवढं बघायचंय. आवाज नसताना पाहिलाय. आवाज असताना तसाच हलतो का?"

स्कॉटोने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. या माणसाच्या मनात नेमकं काय असतं, ते त्याला आजवर कळलं नव्हतं.

"बघायचे पैसे पडतील," तो म्हणाला. "एक पेनी."

अँब्रोज थर्केटलने घासाघीस न करता पेनी दिली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.